०.५ ची रेघ: लँकेशायरमधल्या दोन शेल गॅस विहिरींचे प्रकरण

शेल गॅससाठी, म्हणजे खोल खडकात अडकलेल्या वायूसाठी, फ्रॅकिंग (दाबाने पाणी ढकलून खडक तडकवणे) करावे की नाही, हा वाद बहुतेक वेळा 'ऊर्जा हवी की पर्यावरण' अशा मोघम भाषेत होतो. प्रत्यक्ष निर्णय मात्र एका विशिष्ट शेतात, विशिष्ट खोलीवर, एका परवान्यातल्या आकड्यावर येऊन अडतो. इंग्लंडमधल्या एका जागेवर हे कसे घडले, ते इथे मांडले आहे. जागा, तारखा आणि सरकारी निर्णय जाहीर नोंदीतले आहेत. कंपनी, शेतमालक आणि स्थानिक रहिवासी यांची नावे घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या वायव्येला ब्लॅकपूल आणि प्रेस्टन या शहरांच्या मध्ये फाइल्ड नावाचा सपाट पट्टा आहे. दुभत्या गाईंची कुरणे, छोटी गावे आणि समुद्राकाठी पर्यटन असा हा मुलूख. त्यातल्या प्रेस्टन न्यू रोड या रस्त्यालगत, लिटल प्लम्प्टन गावाजवळच्या एका शेतात ब्रिटनमधली पहिली आडवी शेल विहीर फ्रॅक झाली. शेजारी दुसरीही झाली. तिसरी झाली नाही.

या भागाखाली साधारण दोन किलोमीटरवर बोलंड शेल हा तीस कोटी वर्षांहून जुना, काळसर, चिखलापासून बनलेला खडक आहे. त्यात वायू आहे, पण खडकातल्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसल्यामुळे नुसते भोक पाडून तो वर येत नाही. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने २०१३ मध्ये मध्य आणि उत्तर इंग्लंडखालच्या या खडकात १,३२९ ट्रिलियन घनफूट वायू असावा, असा मधला अंदाज दिला. ब्रिटनचा वर्षाचा वापर तीन ट्रिलियन घनफुटांच्या आसपास. दहावा हिस्सा हाती लागला तरी चाळीसेक वर्षांची सोय झाली, हे गणित मग वर्तमानपत्रांपासून संसदेपर्यंत फिरत राहिले.

त्या गणितात खडकात असलेला वायू आणि परवडणाऱ्या खर्चात बाहेर येणारा वायू यांच्यातले अंतर झाकले गेले. २०१९ मध्ये याच खडकाच्या नमुन्यांवर प्रयोगशाळेत पुन्हा काम झाले आणि एकूण साठ्याचा अंदाज १४० ट्रिलियन घनफुटांच्या आसपास आला, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जेमतेम दहावा हिस्सा. त्यातून निघू शकणारा वायू देशाला दहा वर्षेही पुरला नसता. पण हा आकडा आला तोवर बहुतेक निर्णय होऊन गेले होते.

सरकारला गॅस का हवा होता, तेही समजून घ्यायला हवे. उत्तर समुद्रातले उत्पादन घटत होते आणि २००४ पासून ब्रिटन गॅसचा निव्वळ आयातदार झाला होता. अमेरिकेत शेल गॅसमुळे गॅस स्वस्त झाला होता, वीजकेंद्रे कोळशावरून गॅसवर आली होती आणि वीजक्षेत्रातला कार्बन उत्सर्जनाचा आकडा उतरला होता. हा लाभ खरा आहे. त्याची सावली आपल्या कोकणातही पडली आहे: अमेरिकेशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारातले पहिले द्रवरूप गॅसचे जहाज मार्च २०१८ मध्ये दाभोळला लागले. तिथे गॅस जाळणाऱ्याला तो कुठल्या विहिरीतून आला आणि त्या विहिरीशेजारी कोण राहते, हे ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

काम कसे चालते

पुढचे निर्णय कळायला कामाची पद्धत थोडी तपशिलात हवी.

आधी उभे भोक पाडतात. भूजलाचा थर ओलांडला की पोलादी केसिंग, म्हणजे अस्तराचा पाइप, उतरवून त्यामागे सिमेंट भरतात. आणखी खाली गेल्यावर आधीच्या केसिंगच्या आतून दुसरे, मग तिसरे. सिमेंट खडकाला आणि पाइपला नीट चिकटले की नाही, हे ध्वनिलहरींच्या उपकरणाने तपासतात आणि मग दाबचाचणी घेतात. अमेरिकेत पाणी दूषित झाल्याची जी प्रकरणे तपासली गेली, त्यांत दोन किलोमीटर खालून वर आलेल्या भेगांपेक्षा फसलेले सिमेंट, जमिनीवर सांडलेले रसायन आणि अस्तर नसलेल्या खड्ड्यात सोडलेले सांडपाणी ही कारणे जास्त ठळक आहेत. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या २०१६ च्या अहवालाचा रोखही तोच होता.

शेलमध्ये पोचल्यावर विहीर आडवी वळवतात. इथल्या पहिल्या विहिरीचा आडवा भाग सुमारे ८०० मीटरचा होता आणि त्यावर ४१ सरकत्या झडपा, म्हणजे स्लीव्ह, बसवल्या होत्या. गुंडाळलेली लांब नळी आत सोडून एक स्लीव्ह उघडायची, वरून पंपांनी पाणी, वाळू आणि घर्षण कमी करणारे थोडे पॉलिअॅक्रिलामाइड प्रचंड दाबाने ढकलायचे. खडक तडकतो, वाळू त्या तडीत अडकून ती उघडी ठेवते. मग ती स्लीव्ह बंद, पुढची उघड. एका टप्प्याला जास्तीत जास्त ७६५ घनमीटर द्रवाची परवानगी होती. सगळे ४१ टप्पे पूर्ण झाले असते तर एका विहिरीला तीन कोटी लिटरांहून जास्त पाणी लागले असते.

त्यातले काही पाणी परत वर येते. ते खाडीच्या पाण्यापेक्षा खारट असते आणि त्यात खडकातले नैसर्गिक किरणोत्सारी क्षारही येतात. त्याचे काय करायचे, हा प्रश्न फ्रॅकिंगच्या चर्चेत नेहमी मागे पडतो, खरे तर तो पुढे हवा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात सप्टेंबर २०१६ मध्ये ५.८ चा भूकंप झाला, तो सांडपाणी खोल विहिरींत मोठ्या प्रमाणावर जिरवल्यामुळे. ब्रिटनमध्ये ही वाट घेतली नाही. परतीचे पाणी साठवायचे, शक्य तितके पुन्हा वापरायचे आणि उरलेले परवानाधारक प्रक्रिया केंद्राकडे टँकरने पाठवायचे, अशी अट होती. म्हणून ओक्लाहोमाचा आकडा दाखवून लँकेशायरमध्ये घाबरवणे चूक होते. पण त्याच कारणाने तिथे टँकरची वर्दळ वाढणार होती, हे प्रकल्पाच्या बाजूने बोलणारे सांगत नसत.

समस्या

या जागेपासून काही किलोमीटरवर प्रीझ हॉल येथे याच कंपनीने आधी एक उभी विहीर फ्रॅक केली होती. १ एप्रिल २०११ रोजी तिथे २.३ आणि २७ मे रोजी १.५ चा धक्का बसला. विहिरीतले केसिंगही काही भागात वाकलेले आढळले. काम थांबले, सरकारने देशभर स्थगिती दिली.

धक्का का बसतो, हे सोपे आहे. जमिनीखाली जुन्या भेगा असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात आणि घर्षणामुळे जागेवर राहतात. अशा भेगेला भ्रंश म्हणतात. पंपाचे पाणी किंवा त्याचा दाब तिथवर पोचला की दोन पृष्ठभागांमधली पकड सैल होते आणि आधीपासून साठलेला ताण सुटतो. महाराष्ट्रात ही कल्पना नवी नाही. कोयनेच्या शिवाजीसागरात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला. तिथे जलाशयाचा भार आणि पाझर, इथे पंपाचा दाब. प्रमाणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण भेगेत शिरलेला पाण्याचा दाब घर्षण कमी करतो हे सूत्र एकच. दुसरे साम्य जास्त महत्त्वाचे: पाणी वाढायचे थांबले की धक्केही लगेच थांबतील, याची हमी नसते.

मग प्रश्न उरला तो असा: धक्के टाळता येत नसतील तर किती मोठा धक्का चालेल, आणि तो आकडा कोण ठरवणार?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कायमची बंदी. फ्रान्सने २०११ मध्येच कायद्याने तो घेतला होता. ब्रिटिश सरकारला तो नको होता. रॉयल सोसायटी आणि रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने जून २०१२ मध्ये दिलेला अहवाल सरकारला सोयीचा होता: उत्तम पद्धती पाळल्या आणि त्यांची अंमलबजावणी झाली तर धोके आटोक्यात ठेवता येतील. यातल्या 'तर'वर पुढे फार भार पडला.

दुसरा पर्याय सिग्नलचा. धक्क्याच्या आकारानुसार हिरवा, पिवळा, लाल. लाल कुठे पेटवायचा यावर मतभेद होते. कंपनीच्या सल्लागारांनी १.७ सुचवले. सरकारने नेमलेल्या तीन तज्ज्ञांनी एप्रिल २०१२ मध्ये ०.५ सुचवले. कॅनडातल्या अल्बर्टात फॉक्स क्रीक परिसरात लाल दिवा पुढे ४.० वर ठेवला गेला, पण तिथे वस्ती विरळ. फाइल्डमध्ये दर काही शेतांवर गाव.

०.५ चा धक्का माणसाला जाणवत नाही. मग तो आकडा का? तज्ज्ञांचा विचार सावधगिरीचा होता: छोटा धक्का हा मोठ्याचा इशारा मानायचा आणि भ्रंश पुरता जागा होण्याआधी पंप थांबवायचा. म्हणजे ०.५ ही नुकसानीची रेघ नव्हती, ब्रेकवर पाय ठेवण्याची खूण होती. पण जाहीर चर्चेत ती पहिल्या दिवसापासून नुकसानीची रेघ म्हणूनच पोचली. ओलांडली की 'धोका झाला' असे एक बाजू म्हणे, 'हा तर जाणवतही नाही' असे दुसरी म्हणे. आमच्या मते या प्रकरणातला बराचसा अविश्वास या एका गोंधळातून आला.

तिसरा पर्याय जागा निवडीचा. आधी भूगर्भाचे त्रिमितीय सर्वेक्षण करून भ्रंशांपासून दूर विहीर घ्यायची. असे सर्वेक्षण या पट्ट्यात झाले होते. ते कुठे कमी पडले, ते पुढे येईलच.

चौथा पर्याय, वाट पाहण्याचा. साठ्याचा नेमका अंदाज, हवामान उद्दिष्टांशी मेळ आणि मिथेनगळतीचे नियम आधी पक्के करायचे, विहीर नंतर. देशाच्या हवामान सल्लागार समितीने २०१६ मध्ये तीन अटी सांगितल्या: गळतीवर कडक मर्यादा, एकूण गॅसवापर कार्बनच्या ठरलेल्या मर्यादेत, आणि शेल उत्पादनातून होणारे उत्सर्जन इतरत्र कपात करून भरून काढणे. तीन अटींना कुणी विरोध केला नाही. त्या पूर्ण झाल्यावरच विहीर, असेही कुणी ठरवले नाही.

प्रत्यक्ष काय केले

स्थगिती डिसेंबर २०१२ मध्ये उठली आणि ०.५ हा लाल दिवा ठरला. शून्याखाली हिरवा, शून्य ते ०.५ पिवळा, त्यावर गेले की पंप बंद, विहिरीतला दाब उतरवायचा आणि किमान १८ तास थांबायचे. एक तपशील लोकांना नीट सांगितला गेला नाही: लाल दिव्याचा हा नियम पंप चालू असतानाच्या धक्क्याला लागू होता. पंप थांबल्यावर आलेला धक्का 'मागाहून आलेला' म्हणून वेगळ्या खात्यात जाई.

२०१५ च्या कायद्याने १,००० मीटरपेक्षा कमी खोलीवर, आणि संरक्षित प्रदेशात १,२०० मीटरपेक्षा कमी खोलीवर, मोठ्या प्रमाणातले फ्रॅकिंग बंद केले. कामाआधी १२ महिने भूजलातल्या मिथेनची नोंद ठेवण्याची अट घातली. या तरतुदी चांगल्या होत्या. आधीची नोंद नसेल तर नंतर विहिरीत मिथेन सापडल्यावर तो आधीपासून होता की आता आला, हा वाद कधीच मिटत नाही, हे अमेरिकेने दाखवले होते.

त्याच वर्षी जूनमध्ये लँकेशायर काउंटी कौन्सिलपुढे अर्ज आला. अधिकाऱ्यांनी ही जागा मंजूर करण्याची शिफारस केली होती. निवडून आलेल्या सदस्यांनी आवाज आणि दृश्य परिणाम या कारणांवर ती फेटाळली. कंपनी अपिलात गेली, जाहीर सुनावणी झाली आणि ६ ऑक्टोबर २०१६ रोजी लंडनमधल्या मंत्र्याने परवानगी दिली. आपल्याकडे जिल्हा परिषदेने नाकारलेला प्रकल्प मंत्रालयाने मंजूर केला तर जे होते, तेच इथे झाले. त्यानंतरचा प्रत्येक तांत्रिक प्रश्न 'आमचे कुणी ऐकले नाही' या एका वाक्यातून गाळून पाहिला जाऊ लागला. फाटकासमोर रोज निदर्शने, लॉरींवर चढून बसलेले आंदोलक, पोलिसांचा बंदोबस्त. तिघांना झालेली तुरुंगवासाची शिक्षा अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अतिरेकी ठरवून रद्द केली.

पैशाची बाजूही होती. फ्रॅक होणाऱ्या प्रत्येक जागेमागे परिसराला एक लाख पौंड आणि उत्पादन सुरू झाले तर महसुलाचा एक टक्का, अशी उद्योगाची सनद होती. इथे त्यातून एक किलोमीटरच्या आतल्या घरांना प्रत्येकी २,०७० पौंड आणि एक ते दीड किलोमीटरमधल्या घरांना १५० पौंड मिळाले. नकाशावर कंपासने काढलेल्या वर्तुळाच्या आत-बाहेर शेजारी विभागले गेले. धक्के मात्र त्या वर्तुळात थांबत नाहीत.

पहिल्या विहिरीत पंप १५ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झाले. दहा-बारा दिवसांत ०.८, मग २९ ऑक्टोबरला १.१. डिसेंबरपर्यंत ५७ धक्के नोंदले गेले आणि त्यातला मोठा, ११ डिसेंबरचा, १.५ चा होता. शेजारच्या विहिरीत उतरवलेल्या संवेदकांनी याशिवाय ३८ हजारांहून अधिक सूक्ष्म तडकण्या टिपल्या. काम सारखे थांबत गेले. ४१ पैकी दोनच टप्पे ठरल्याप्रमाणे पुरे झाले. तरीही वायू आला: टिकाऊ दर दिवसाला सुमारे एक लाख घनफूट, म्हणजे २,८०० घनमीटर. ब्रिटनमधल्या हजारेक घरांची रोजची गरज भागेल इतका. वायूचा दर्जाही चांगला होता. कंपनीने यावरून पूर्ण लांबीच्या विहिरीचे मोठे आकडे मांडले. दोन टप्प्यांवरून पूर्ण विहिरीचा अंदाज बांधणे म्हणजे दोन पेरांवरून ऊस किती उंच वाढेल ते सांगणे.

याच काळात विहिरीतले पाणी उचलण्यासाठी नायट्रोजन सोडताना न जळलेला मिथेन थेट हवेत गेला. जवळच्या हवामापन केंद्राच्या नोंदींवरून तो एका आठवड्यात चार टनांच्या आसपास भरला. असा वायू जाळून टाकणाऱ्या चिमणीची, म्हणजे फ्लेअरची, ज्योत पेटती राहायला वायूत पुरेसा मिथेन लागतो, नायट्रोजन जास्त मिसळला की ती विझते. हा दोष विहिरीचा नव्हता, वरच्या यंत्रणेचा होता, आणि तो आधी ओळखता येण्यासारखा होता. भूकंपाच्या गोंगाटात याची चर्चा फार थोडी झाली.

कळीचे दोन आठवडे

२०१९ च्या सुरुवातीला कंपनीने आणि काही भूवैज्ञानिकांनी ०.५ ची मर्यादा १.५ च्या आसपास नेण्याची मागणी केली. सरकारने नकार दिला. इकडे नियोजन परवानगीतल्या अटीनुसार फ्रॅकिंग नोव्हेंबर २०१९ अखेर संपवायचे होते. म्हणजे मर्यादा तीच, वेळ थोडा, आणि दुसरी विहीर तयार.

दुसऱ्या विहिरीत एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या. ती शेलच्या वरच्या भागात होती. द्रव आधीपेक्षा दाट होता, जेणेकरून तो भ्रंशात कमी झिरपेल अशी अपेक्षा होती. आणि भोवतालच्या खडकाला आधीच्या विहिरीचा धक्का बसून झाला होता. एकाच वेळी तीन बदल केले की परिणाम कशाचा, हे सांगता येत नाही.

पंप १५ ऑगस्टला सुरू झाले. २१ तारखेला संध्याकाळी १.६ चा धक्का आला, तोवरचा या जागेवरचा सर्वांत मोठा. काम थांबले, १८ तासांची मुदत उलटली आणि २३ तारखेला सातवा टप्पा पंप झाला. हाच या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण. नियमाने परवानगी होती. पण १८ तास हा आकडा कुठल्याही भ्रंशाला विचारून ठरवलेला नव्हता. १.६ नंतर खरा प्रश्न 'मुदत संपली का' हा नव्हता. 'हे धक्के एका रेषेत येत आहेत का, म्हणजे आपल्याला माहीत नसलेला भ्रंश हलू लागला आहे का' हा होता.

२४ च्या रात्री २.१. आणि सोमवारी २६ तारखेला सकाळी साडेआठला २.९. सुट्टीचा दिवस होता, लोक घरीच होते. शेवटचा पंप थांबून तोवर जवळपास तीन दिवस झाले होते.

०.५ आणि २.९ यांत जमिनीच्या हालचालीचा सुमारे २५० पट आणि ऊर्जेचा सुमारे ४,००० पट फरक असतो. शिवाय नैसर्गिक भूकंप बहुधा दहा-पंधरा किलोमीटर खोल असतो, हा दोनच किलोमीटरवर होता. म्हणून २.९ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटला तरी घरे हलली. दोन हजारांहून अधिक लोकांनी जिऑलॉजिकल सर्व्हेकडे नोंद केली. जवळच्या काही ठिकाणी तीव्रता, म्हणजे धक्क्याचा आकार नव्हे तर जमिनीवर जाणवलेला परिणाम, युरोपीय श्रेणीत ६ पर्यंत गेली. त्या पायरीवर प्लास्टरला तडे जाऊ शकतात.

परिणाम

फ्रॅकिंग त्याच आठवड्यात थांबले ते कायमचे. मागाहून झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की ज्या भ्रंशावर २.९ चा धक्का झाला तो आधीच्या त्रिमितीय सर्वेक्षणात दिसलाच नव्हता. सर्वेक्षणाची दृष्टी काही मर्यादेपर्यंतच पोचते. त्याहून छोटी घसरण असलेला भ्रंश चित्रात उमटत नाही, पण २.९ ला तेवढा छोटा भ्रंशही पुरतो. भ्रंश टाळून विहीर घेण्याचा तिसरा पर्याय इथे तुटला.

२ नोव्हेंबर २०१९ रोजी सरकारने इंग्लंडभर स्थगिती जाहीर केली. फ्रॅकिंगमुळे किती मोठा धक्का येईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही, हा नियामकाचा निष्कर्ष त्यामागे होता. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या हिशोबानुसार २०११ पासून सरकारी यंत्रणांनी शेल गॅसपायी किमान ३.२७ कोटी पौंड खर्च केले होते, त्यात पोलीस बंदोबस्ताचा वाटा मोठा. व्यापारी उत्पादन शून्य.

युक्रेन युद्धानंतर गॅसचे भाव चढले तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस सरकारने स्थगिती उठवली आणि पुढच्याच महिन्यात ऋषी सुनक यांनी ती परत लावली. त्या चार-पाच आठवड्यांत खडकाविषयी नवे काहीच कळले नव्हते. घरगुती बिल कमी होईल हा युक्तिवादही तेव्हा पुन्हा आला, तो कच्चाच होता. ब्रिटनचा गॅस पाइपलाइनींनी युरोपच्या बाजारपेठेशी जोडलेला आहे आणि भाव तिथे ठरतो. काही विहिरींच्या उत्पादनाने तो हलत नाही. शिवाय शेल विहिरीचे उत्पादन पहिल्या वर्षातच झपाट्याने उतरते, म्हणून नुसता पुरवठा टिकवायलाही सतत नव्या विहिरी खोदाव्या लागतात. टेक्सासच्या माळरानावर ते जमते.

काय वेगळे करता आले असते

मर्यादेचा आकडा बदलायला हवा होता का? आमच्या मते आकड्यापेक्षा त्याचे काम बदलायला हवे होते. एकच रेघ आखून तिच्यावर ब्रेक, सुरक्षितता आणि जनतेचा विश्वास अशी तिन्ही ओझी टाकली गेली. दोन रेघा हव्या होत्या: खालची कंपनीसाठी, जिच्यावर पंपाचा दाब आणि टप्प्यातले द्रव कमी करायचे. वरची लोकांसाठी, जमिनीच्या प्रत्यक्ष कंपनावर आधारलेली आणि ओलांडली तर काम कायमचे बंद, असे आधीच लिहून दिलेली. पंप थांबल्यानंतरचे धक्केही तिच्यात मोजले जायला हवे होते. घरातल्या माणसाला धक्का पंप चालू असताना बसला की बंद असताना, याने काही फरक पडत नाही.

१८ तासांच्या जागी घड्याळ नको होते, अट हवी होती. खाली उतरवलेले संवेदक जवळजवळ लगेच चित्र देत होते. सूक्ष्म धक्के विहिरीभोवती पसरलेले आहेत की एका सरळ पट्टीत ओळीने येत आहेत, हे पाहून पुढचा टप्पा वगळणे आणि त्या पट्टीपासून पुरेसे अंतर सोडून काम करणे शक्य होते. स्लीव्ह पद्धतीचा फायदाच तो आहे: मधले दहा-पंधरा स्लीव्ह सोडून पुढच्या टोकाला काम करता येते. पण नोव्हेंबरची मुदत डोक्यावर असताना टप्पे सोडायला कोण धजावणार? अशा प्रायोगिक विहिरीला कॅलेंडरची मुदत देण्यापेक्षा पंप चालवण्याच्या दिवसांची संख्या ठरवून दिली असती, तर थांबण्याची शिक्षा बसली नसती.

कौन्सिलचा निर्णय फिरवण्याचा अधिकार मंत्र्याला होता आणि कायद्यात ते बसत होते. तरी ज्यांच्यावर धोका येणार त्यांनी नाही म्हटल्यावर पुढे जायचे, तर लाभाचा वाटा आणि नुकसानभरपाईची यंत्रणा आधी हवी होती, नंतर वर्तुळ काढून पैसे वाटणे नव्हे. भारतातही प्रश्न याच वळणाने येईल. दुर्गापूरजवळ इचापूर येथे ओएनजीसीच्या विहिरीत जानेवारी २०११ मध्ये शेल गॅस मिळाला होता आणि २०१३ मध्ये सरकारी कंपन्यांसाठी धोरणही आले. दामोदर खोऱ्याची किंवा खंभातची वस्ती फाइल्डपेक्षा दाट आहे, आणि पाण्यासाठी शेतकऱ्याशी स्पर्धा करावी लागेल ती वेगळीच.

शेवटी एक साधी गोष्ट, जिला ना भूवैज्ञानिक लागतो ना मंत्री. भूजलाची १२ महिने आधी नोंद घ्यायचे कायद्याने ठरवले, घरांच्या भिंतींची नोंद मात्र कायद्याने मागितली नाही. विहिरीपासून काही किलोमीटरच्या परिघातल्या प्रत्येक घराच्या खोल्यांचे, छताच्या कोपऱ्यांचे, दारे-खिडक्यांवरच्या लिंटेलच्या टोकांचे फोटो तारखेसह काढून एक प्रत घरमालकाकडे आणि एक त्रयस्थाकडे ठेवायला एका घराला तासाभराचे काम लागते. तडे सगळ्या जुन्या घरांत असतात. फोटो नसेल तर एखादी चीर २६ ऑगस्टची की दहा वर्षांपूर्वीची, हे नुसत्या प्लास्टरकडे पाहून कुणालाच सांगता येत नाही.